जयंतराव, आत्ता तुम्ही काय करताय?

अडाजण, सुरत
मंगळवार

ती. स्व. दादांच्या चरणी रजनीचा साष्टांग नमस्कार (डावा गुडघा धरल्यामुळे सध्या त्यातलं एक अंग वजा समजावं).

तुमची साखर, वहिनींची कंबर आणि परसातलं लिंबू, तिघंही ताळ्यावर असतील अशी आशा आहे. मी मजेत आहे. फोन सोडून पत्र का लिहिलं असं तुम्ही विचाराल. दादा, फोन केला की वहिनी तो स्पीकरवर टाकतात, आणि मग शेजारच्या बाईसुद्धा मला मध्येच 'तूप खात जा' म्हणून सांगतात. हे पत्र आधी तुम्ही एकट्याने वाचा. मोठ्याने वाचायचं की नाही ते मग ठरवा.

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले तरी फॉल्ट शोधायची खाज काही निवृत्त झाली नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच (तुमच्याकडे आले होते तेव्हा वहिनींचा चांगला चाललेला मिक्सर मी उघडला होता). तर आपल्या इथल्या खानदेशी मंडळाचं वधूवर सूचक केंद्र आहे. त्याचे सगळे बायोडेटा पूर्वी फुकटच्या ईमेलवर यायचे. एका मुलीच्या वडिलांनी सभेत उठून तक्रार केली की बायोडेटा पाठवल्यापासून घरी लग्नाच्या हॉलवाल्यांचे आणि वजन कमी करून देणाऱ्यांचे फोन येतात. ते कसे येतात ते देव जाणे, पण सभा तापली, आणि त्या तापात मी उठून म्हणून बसले की मंडळाचं ईमेल मी माझ्या घरी चालवीन. स्वतःचा सर्व्हर! म्हणजे काय, तर टपाल कचेरी दुसऱ्याची वापरण्याऐवजी आपणच घरात टपाल कचेरी उघडायची. पोळ्यांच्या डब्याएवढा एक संगणक टीव्हीशेजारी ठेवला, हवी ती माहिती वाचून काढली, आणि दादा, पहिलं पत्र आलं तेव्हा मी घरात एकटीने टाळ्या वाजवल्या.

पुढे काही महिने छान गेले. मग एक दिवस माझ्या लक्षात आलं की कार्यकारिणीतल्या सगळ्यांचा पासवर्ड एकच आहे, मंडळाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. मी सगळ्यांना दम दिला आणि प्रत्येकाला नवा पासवर्ड घ्यायला लावला. इथून पनवती लागली. मंडळाच्या उधन्यातल्या ऑफिसात कुणाचंच लॉगिन होईना. आमचे चिटणीस छगनभाऊ (पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये सुपरवायझर होते, त्यामुळे अजूनही मशीनच्या आवाजावरून बोलतात) ऑफिसच्या लँडलाइनवरून ओरडले, "रजनीबेन, गोल फिरतंय नुसतं, आत घेत नाही!" मी माझ्या घरी बघितलं तर सगळं झकास. मी म्हटलं, माझ्याकडे चालतंय. ते म्हणाले, इकडे नाही. मी म्हटलं, तुम्ही पासवर्ड चुकवताय. ते म्हणाले, मी चुकवतोय, कलाबाई चुकवतायत, सगळेच चुकवतायत का? (मी 'हो' म्हणाले. ते म्हणायला नको होतं.)

मग मी सगळ्यांचे पासवर्ड पुन्हा बदलले. काही नाही. सर्व्हरचं प्रमाणपत्र संपलं असेल म्हणून ते नवं केलं, तेही नाही. संगणक बंद करून चालू केला, त्याच्या मागची धूळ पुसली, वायर बदलली. आणि मजा अशी की ऑफिसचं वायफाय बंद करून स्वतःच्या मोबाइलच्या नेटवर गेलं की मेल धडाधड उघडायची. पण ऑफिसात मोबाइलला रेंज नाही. त्यामुळे आमचे चिटणीस रोज खाली पानाच्या गल्ल्यासमोर (इथे टपरीला गल्ला म्हणतात) उभे राहून बायोडेटा वाचायचे.

शेवटी मला माझ्याच रखवालदाराची आठवण झाली. सर्व्हरवर मी एक प्रोग्रॅम बसवला आहे. कुणी चुकीचा पासवर्ड घेऊन पुन्हा पुन्हा दार वाजवलं, की तो त्या माणसालाच काय, तो ज्या इंटरनेटवरून आला त्या अख्ख्या पत्त्यालाच थोडा वेळ बाहेर ठेवतो. बघते तर मंडळाचं ऑफिसच बाहेर! मी बंदी उठवली की जरा वेळाने पुन्हा बंदी. आणि दार वाजवणाऱ्याचं नाव दर वेळी एकच: जयंतराव.

जयंतराव म्हणजे आमच्या कार्यकारिणीतले नवे सदस्य. हजीऱ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्यात. शांत माणूस. मी ताबडतोब फोन लावला आणि नमस्कार वगैरे काही न करता विचारलं, "जयंतराव, आत्ता तुम्ही काय करताय?"

ते म्हणाले, "पापडी निवडतोय."

"फोनवर मेल उघडत नाही आहात?"

"हाताला शेंगांचं पाणी आहे हो."

दुपारी पुन्हा नोंद आली, पुन्हा फोन लावला. ते पाल भागातल्या बागेत चालत होते. दुसऱ्या दिवशी दाढी करत होते. त्याच्या दुसऱ्या दिवशी बँकेच्या रांगेत होते आणि मागच्या माणसाला 'हां, बोलतोय, बोलतोय, महत्त्वाचं आहे' असं सांगत होते. दादा, मी त्या माणसाला इतक्या वेळा विचारलं की काय करताय, की मला त्याची अख्खी दिनचर्या पाठ झाली. मग एकदा विचारलं तर म्हणाले, "तुमच्या फोनची वाट बघतोय." मी म्हटलं, हे उत्तर तपासाला उपयोगी नाही. (आणि फोन ठेवून उगाचच पंखा वाढवला.)

खात्री करावी म्हणून त्यांना फोनसकट लोचोच्या (म्हणजे इथल्या मऊ, मोडक्या ढोकळ्याच्या) दुकानात बोलावलं. फोन बंद करून टेबलावर ठेवला, मी लॅपटॉप उघडून बसले. लोचो आला, त्यावर शेव आली, आणि पडद्यावर नोंद आली. जयंतरावांच्या नावाने, मंडळाच्या ऑफिसातून!

"म्हणजे तुम्ही नाही," मी म्हणाले.

"मग मी सुटलो?"

"चौकशी चालू आहे."

"बरं," असं म्हणून त्यांनी आणखी एक प्लेट मागवली.

आता तुम्हीच सांगा, मी काय समजणार? ऑफिसात बसून कुणीतरी या भल्या माणसाच्या खात्यात शिरायला बघतंय. आणि माझा सर्व्हर कुणाच्या डोळ्यांत खुपत होता? छगनभाऊंच्या! रविवारी मेळावा, नंदुरबारपासून बारडोलीपर्यंतची कुटुंबं येणार, आणि त्यांनी गुरुवारी तातडीची बैठक लावली. विषय एकच: फुकटच्या ईमेलवर परत जाणे. मी त्या दिवशी जेवले नाही, दादा. सगळी नोकरी बाप्यांच्या कोंडाळ्यात केली, कुणी माझ्या कामाला नावं ठेवली नाहीत, आणि आता मंडळाच्या सतरंजीवर बसून माझी हार होणार!

बैठकीत छगनभाऊंनी सुरुवात केली, "बेन, राग मानू नका. पण मी गल्ल्यासमोर उभा राहून मेल वाचतो, आणि सोसायटीत बोभाटा झाला की छगनभाऊ तंबाखूला लागले. घरात बायको खिसे तपासते!" सगळे हसले. मी हसले नाही. मी म्हटलं, ठराव नंतर करा, आधी सगळ्यांनी फोन बंद करून कलाबाईंच्या ताटात ठेवा. कलाबाई आमच्या महिला शाखेच्या अध्यक्ष. प्रसादाचं ताट रिकामं करून त्यांनी ते फिरवलं. सगळ्यांचे फोन बंद. जयंतराव कोपऱ्यात माझ्याकडे बघत बसलेले. मी बंदी उठवली, खिडकीच्या तोंडाशी मोबाइलला कशीबशी एक काडी रेंज मिळाली, त्यावर लॅपटॉप जोडला आणि वाट बघू लागले. ऑफिसातल्या गणपतीपुढे भजन चालू होतं, तेवढाच आवाज.

आणि आली! नोंद आली! मी ताडकन उठले, बोट उगारलं, "छगनभाऊ..." एवढं म्हणाले, आणि त्याच क्षणी भजनातून 'टुंग' असं वाजलं. पडद्यावर दुसरी नोंद. भजनातून पुन्हा टुंग.

माझं बोट तसंच हवेत. छगनभाऊ म्हणाले, "काय?" मी म्हणाले, "चहा सांगा." आणि तशीच गणपतीकडे गेले.

कलाबाई मागून ओरडल्या, "वं माय, त्याले हात नका लावू! गणपतीना फोन शे तो!"

फुलांच्या मागे एक फोन चार्जरला लावलेला. दिवसभर भजनं वाजवायला. त्याच्यावर संदेश: 'जयंत यांचा पासवर्ड चुकीचा आहे, पुन्हा टाका.' मी तो दोन्ही हातांनी उचलून जयंतरावांसमोर धरला. त्यांचा चेहरा असा झाला, दादा, की मला हसू आवरेना. दिवाळीला त्यांनी नवा फोन घेतला आणि जुना मंडळाच्या गणपतीला वाहिला होता. त्यातलं मेलचं खातं काढायचं राहिलं. नवा पासवर्ड त्यांनी नव्या फोनला सांगितला, जुन्याला कोण सांगणार? तो बिचारा देवापाशी बसून जुना पासवर्ड पुटपुटत राहिला आणि मंडळाला वाळीत टाकत राहिला! मी हसले, मग कलाबाई हसल्या, मग छगनभाऊ मशीनच्या वरताण हसले. इतके, की खालचा पानवाला वर बघायला आला. ठराव राहिला तो राहिलाच. कलाबाईंनी आधी गणपतीला नमस्कार केला, मग मला खातं काढू दिलं.

मेळावा उत्तम झाला. साखर कारखान्यातल्या एका केमिस्टाचं तर तिथल्या तिथे जमलं. छगनभाऊंनी भाषणात 'आपला स्वतःचा सर्व्हर' असं तीनदा म्हटलं, जणू यांनीच बसवला.

असो. सर्व्हर ठीक, मंडळ ठीक, मी ठीक. वहिनींना नमस्कार, पोरांना पापे.

तुमची
रजनी

ता. क. काल सकाळी जयंतरावांचा फोन आला. म्हणाले, "रजनीताई, लॉगिन व्यवस्थित होतंय." मी म्हटलं, छान. म्हणाले, "म्हणजे आता तुमचा फोन यायचा नाही." मी म्हटलं, तक्रार असल्याशिवाय मी फोन करत नसते. मग म्हणाले, "तक्रार आहे. सकाळपासून मी काय करतोय ते कुणी विचारलं नाही." मी म्हटलं, आधी ते 'ताई' काढा.

ता. क. २. तर दादा, येत्या रविवारी तुम्ही दोघं सुरतेला या. आमच्या केंद्राचा नियम आहे की बोलणीला मुलीकडचं वडीलधारं माणूस हजर लागतं. नियम मीच लिहिला आहे, आणि त्यात मुलीच्या वयाची वरची मर्यादा घालायची राहून गेली. तुम्ही माझ्यासाठी स्थळं बघणं सोडलंत तेव्हा मी तुमचे आभार मानले होते, ते मनापासून होते. तेव्हा मला नकोच होतं. आता हवं आहे. एवढंच. तुम्ही जरा कडक चेहऱ्याने बसा, त्यांना पगार-पेन्शन काय ते विचारा, विचार करून कळवतो म्हणा. तुमचा शब्द आल्याशिवाय मी होकार देणार नाही.

ता. क. ३. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात त्यांचा फोन आला आणि मी हो म्हणून बसले. तरी याच. आणि तुम्हाला विचारूनच ठरलं, असं दाखवा.