टाकलेली माती, झालेली माती

प्रिय रेवा,

सोमवारच्या सुनावणीआधी हे तुझ्या हातात पडावं म्हणून खांदा कॉलनीत तुझ्या मैत्रिणीकडे, विनिताकडे, देऊन ठेवतोय. फोनवर सांगायला दोनदा घेतलं. तू 'बोला ना बाबा' म्हणालीस आणि मी डिझेलच्या भावावर घसरलो.

तुझ्या वाळूच्या टेकाडांवर मला नेलंस, त्याला दोन महिने झाले. तीस वर्षं माती उपसून आणि टाकून पोट भरलं, एका ट्रॅक्टरवरून नऊ डंपरवर आलो, पण माती होते कशी ते पोरीकडून शिकलो. समुद्राकडचं पहिलं टेकाड म्हणजे नुसती वाळू, मर्यादवेलीनं धरून ठेवलेली. त्यामागे गवत. सगळ्यात मागे, कोळीवाड्याच्या पाठीशी, उंडीची झाडं आणि तुझ्या खड्ड्यात चार बोटं काळी माती. एवढ्याला शेकडो वर्षं लागली, म्हणालीस. पाला कुजत राहतो आणि शिंपल्यांचा चुना पाऊस थोडा थोडा खाली धुऊन नेतो. मग ॲसिडचे थेंब टाकलेस. पुढची वाळू चुरचुरली, मागची गप्प राहिली. तू वाकून ऐकत होतीस, मला उभ्यानंच ऐकू आलं. आपल्यासोबत आलेला कोळीवाड्यातला बुधाजी कोळी हसला, "शेट, कान तुमचे सशाचे हायेत." मग काळ्या मातीवर हात ठेवून म्हणाला, "आमच्या आज्यानं पन ही आशीच बघलेली. ही हाय म्हनून दर्या घरात येत नाय."

त्याच कानांनी परवा घात केला. तुझ्या टेकाडांवर बंगले बांधू पाहणाऱ्या त्या बिल्डरच्या ऑफिसात, पनवेलला स्टँडच्या मागे, गेलो होतो. टेकाडं सपाट करायचं काम मी मागितलंय, हे तुला सांगितलं नव्हतं. बाहेर चपला घालताना आतून त्यांचा मॅनेजर केतन फोनवर तुझ्याबद्दल बोलताना ऐकला. "मॅडमचा रिपोर्ट कितीही भारी असू दे ना यार. मागची टेकाडं नॅचरल नाहीतच, भराव आहे, असं माती टाकणाऱ्यानंच लिहून दिलंय. सोमवारी तो कागद काढायचा आणि खालचं नाव मोठ्यानं वाचायचं. मॅडम परत तोंड उघडायची नाही." आणि हसला. माझी चप्पल पायात शिरेना.

तेव्हा धंद्यातलं ज्ञान सांगतो, नीट वाच. कागद निघाला की सुनावणी घेणाऱ्या साहेबांना टेकाडावर ने आणि समोर खड्डा खण. टाकलेली माती लपत नाही. मुरमाखाली सुरीनं कापल्यासारखी रेघ असते. झालेली माती खाली जाता जाता फिकी होत जाते, रेघ सापडतच नाही. शिवाय भरावाखालच्या वाळूवर तुझा थेंब टाक. चुरचुरेल ती, तिच्यातला चुना अजून जायचाय. मागच्या टेकाडाची वाळू हातभर खालीसुद्धा गप्प असेल. शेजारी ठेवून दाखवायला भराव हवा असेल तर उत्तरेला समुद्राकडे उतरणाऱ्या गाडीवाटेवर खण. तिथे चार डंपर लाल मुरूम आहे, पंधरा वर्षांपूर्वीचा. त्याच्या बाहेर एक घमेलंही पडलेलं नाही.

हे मला ठाऊक आहे, कारण तो मुरूम माझा. आणि तो कागदही माझाच. केतननं पुढे केला, "काशिरामशेठ, नुसती फॉर्मॅलिटी." गाडीवाटेच्या जागी 'मागचा संपूर्ण पट्टा' असं लिहिलं होतं. वाचून सही केली. मला काम हवं होतं, आणि वाळू ती वाळू, असं वाटलं होतं. तिथे तू खड्डे खणतेयस हे तेव्हा माहीत नव्हतं. पण तू मला तिथे नेलंस तेव्हा सही होऊन आठवडा झाला होता, आणि तुझ्या खड्ड्याच्या काठावर उभा राहून मी गप्प बसलो. ते पहिल्यापेक्षा वाईट. आज सकाळी वकिलाकडे जाऊन खरं काय ते लिहून दिलंय, प्रत सोबत आहे. सोमवारी मी मागच्या बाकावर असेन. ते माझं नाव वाचतील तेव्हा खाली बघू नकोस. मला उभं कर, आणि परक्या माणसाला विचारावं तसं सगळ्यांसमोर विचार, खोटं का लिहिलंत म्हणून. मी उत्तर देईन.

तुझाच,
बाबा