भिंतीवरची पाण्याची रेघ

बाबा,

तुमचं ते गाव मी अखेर पाहून आले. लेक पॅरिसला शिकते, तिच्याकडे गेले होते. तिथून उपनगरी गाडीने अर्धा तास. मार्न नदीचं वळण, काठाला पॉप्लरची झाडं, बेटावर जाणारा चिमुकला पूल, सगळं तुम्ही सांगायचात तसंच निघालं. तेवढ्यानेच माझं डोकं फिरलं. त्या गावाबद्दल तुम्ही थापा मारल्या असत्यात तर बरं झालं असतं.

इकडे आखातात, अल खौदच्या आपल्या स्वयंपाकघरात जेवताना रोज ते गाव असायचंच. मुंबईच्या कंपनीने तरुणपणी तुम्हाला दोन वर्षं तिथल्या पंपांच्या कारखान्यात पाठवलं होतं आणि ती दोन वर्षं तुम्ही जन्मभर पुरवलीत. आधी म्हणे तिथे धोबिणी होत्या, पॅरिसकरांचे कपडे नदीवर धुवायच्या. मग रेल्वे आली आणि रविवारी शहरातले लोक होड्या वल्हवायला, काठावरच्या खानावळीत तळलेली बारकी मासळी खायला, नाचायला येऊ लागले. मग कारखाने आले, त्यांच्याबरोबर पोर्तुगालचे नि अल्जीरियाचे मजूर आले आणि जुने गाववाले नाकं मुरडू लागले. आई आमटी वाढता वाढता म्हणायची, "अहो, जेवा आता. ती नदी कुठे पळून जात नाही." पण तुमच्या गोष्टीचा शेवट ठरलेला. पूर ओसरला की पाणी जिथवर चढलं तिथे ते लोक भिंतीवर रेघ कोरतात, खाली तारीख घालतात. "का माहितीये? नंतर येणाऱ्याला कळावं म्हणून." हे सांगताना तुमचं बोट वर असायचं.

मग आपल्याकडे वादीला पाणी आलं. एरवी वर्षभर नुसता दगडगोट्यांचा कोरडा पट्टा, पण तिकडे डोंगरात पाऊस झाला की इकडे ऊन असतानाच लोंढा येऊन धडकतो. तुमच्या पंपदुरुस्तीच्या दुकानात मांडीभर पाणी शिरलं. चिखल उपसून झाल्यावर तुम्ही छिन्नी घेतलीत आणि भिंतीत रेघ कोरलीत. तारीख मला लिहायला लावलीत, माझं अक्षर चांगलं म्हणून, आणि तिच्यावरून छिन्नी फिरवलीत. मी चौदा वर्षांची होते. शाळेत सगळ्यांना सांगत सुटले होते की माझे बाबा असे आहेत.

दोन वर्षांनी तुम्हाला सोहारला नोकरी लागली. दुकान कुणाला तरी देऊन मोकळं व्हायचं होतं. रत्नागिरीचे चाचा तयार झाले. आपल्याच गल्लीत एका खोलीत शिवणकाम करायचे ते, त्यांच्या वहीत गिऱ्हाइकांची मापं मीच उतरवून द्यायची. ते गाळा बघायला यायच्या आदल्या शुक्रवारी तुम्ही त्या रेघेत लांबी भरलीत, घासून सपाट केलीत आणि वर डिस्टेंपर मारलात. मी विचारलं तर म्हणालात, "यल्ला, तूपण ब्रश धर. उगाच माणूस घाबरतो." चाचांनी विचारलं, "भाऊ, वादी जवल हाय. पानी-बिनी येतंय काय हो हितं?" आणि तुम्ही, रोज बोट वर करून पुराच्या गोष्टी सांगणारे तुम्ही म्हणालात, "छे हो! बिनधास्त खाली माल ठेवा." उंचावरच्या लोखंडी फळ्या मात्र काढून सोहारला नेल्यात. तेवढी अक्कल बरोबर चालली!

पुढच्याच वर्षी, शाळा उघडायच्या आठवड्यात, भरदुपारी पाणी आलं. कळल्यावर आपण सोहारहून आलो. चाचांनी शिवून ठेवलेले गणवेश चिखलात लोळत होते, मशीनं उलटी पडली होती. पाण्याने डिस्टेंपर सोलून काढला होता, लांबी निघून गेली होती. रेघ उघडी, तारीख उघडी. नवं पाणी तिच्याही चार बोटं वर गेलेलं. "भाऊ, ह्या काय हाय?" चाचांनी विचारलं. तुम्ही म्हणालात, "आधीच्या भाडेकरूचं असेल." कुठला आधीचा भाडेकरू, बाबा? गाळा बांधल्यापासून त्यात तुम्हीच होतात, आणि हे चाचांनाही ठाऊक होतं. महिन्याभरात ते सगळं खलास करून गावी गेले, ते परत आले नाहीत. तुम्ही त्यानंतर चार वर्षं होतात. जेवताना त्या गावाचं नाव काढणं तुम्ही बंद केलंत. मला तेव्हा वाटायचं, तुम्हाला लाज वाटत असेल. आता वाटतं, ती नुसती तुमची सोय होती.

तिथल्या जुन्या धुण्याच्या घाटाच्या भिंतीवर ती रेघ माझ्या डोक्याच्याही वर होती. मी टाचा उंच करून हात लावला. लेक म्हणाली, "आई, इट्स जस्ट अ वॉल ना. फोटो काढू?" मी तिच्यावर खेकसले. पोरीचा काय दोष? मला तुमच्यावर ओरडायचं होतं. अजाण माणसाने असं केलं असतं तर मी समजून घेतलं असतं. पण अख्ख्या अल खौदमध्ये ती रेघ कशासाठी असते हे एकट्या तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्हीच ती बुजवलीत. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली तरी माझा राग तसूभर कमी झालेला नाही.

मी पुन्हा अल खौदलाच राहते. त्या गाळ्यात आता मोबाईलची कव्हरं विकतात. चाचा अजून आहेत. त्यांच्या पुतण्याचं इब्रीला दुकान आहे, त्याने मला त्यांचा पत्ता दिलाय. दोन वर्षं तो माझ्या पर्समध्ये आहे.

त्या दिवशी तुमचं ते भाडेकरूचं उत्तर ऐकून चाचा माझ्याकडे वळले होते. रेघेखालच्या तारखेवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "बेटा, ह्या अक्षर कोनाचा?" त्यांची अख्खी वही माझ्या आकड्यांनी भरलेली होती. मी म्हटलं, "मला नाही माहीत, चाचा."

आज बसले होते ती त्यांनाच लिहायला. वर 'चाचा' लिहिलं, मग खोडलं आणि 'बाबा' लिहिलं. तुम्ही उलट काही विचारणार नाही.