हलवता येते, घालवता येत नाही

प्रिय दादा,

डोळ्यांवरची पट्टी निघाल्यावर मी पहिल्यांदा वाचली ती आपल्या पुस्तकाची छापायला निघालेली प्रत. शेवटच्या प्रकरणाशी आले आणि डोकंच फिरलं. ‘अवकाशाची वक्रता ही केवळ सोयीची गणिती भाषा आहे.’ हे कधी ठरलं आपलं? माझं पानभर लिखाण कापून तू हे वाक्य तिथे डकवलंस, आणि मुखपृष्ठावर माझं नाव मात्र तसंच ठेवलंस.

तसं मानणारे शहाणे लोक आहेत, मला ठाऊक आहे. अवकाश सपाटच आहे, मोजपट्ट्या आणि घड्याळं बिघडतात, असं म्हणूनही गणित जुळवता येतं. पण सगळ्याच मोजपट्ट्या सारख्या बिघडत असतील आणि ते कधीच कुणाला पकडता येणार नसेल, तर त्याला बिघाड तरी कशाला म्हणायचं? मोजायला आखलेल्या रेघा आपल्या, त्या हव्या तर पुसू. शेजारी शेजारी सोडलेले दोन दगड पडता पडता एकमेकांकडे सरकतात, ते काय आपल्याला विचारून? वक्रता म्हणतात ती हीच. यावर आपण दोन हिवाळे भांडलो, आणि वक्रता खरी आहे हे शेवटी तूच मला पटवलंस.

शाळेच्या प्रदर्शनासाठी आपण चेंडूवर चौकटीचा कागद चिकटवत होतो, आठवतं? इथली सुरकुती दाबली की पलीकडे उठायची. डिंकाने माखलेला तू रडकुंडीला येऊन म्हणालास, ही हलवता येते, घालवता येत नाही. प्रकरणाची सुरुवात त्याच वाक्याने होती. तेही उडवलंस. का, तर तुझे नवे विभागप्रमुख अशा बोलण्याला भाबडेपणा म्हणतात आणि त्यांच्यासमोर तुझं हसं व्हायला नको. वहिनीने सांगितलं सगळं. तुझं मत बदललं असतं तर मी भांडले असते, अशी संतापले नसते. मत तेच आहे, कणा तेवढा गेलाय.

आपला नियम होता, समोर बसून मोठ्याने वाचायचं, आणि वाचताना जीभ अडखळली तर ते वाक्य बाद. दवाखान्यात तू रोज माझ्या उशाशी बसायचास, हवापाण्याच्या गप्पा मारायचास. पट्टी डोळ्यांवर होती, दादा. कान शाबूत होते.

आज सकाळी मी छपाई थांबवली. रविवारी घरी ये. माझ्यासमोर बस आणि तुझं ते वाक्य मोठ्याने वाच. न अडखळता वाचलंस, तर पुस्तक तुझं. माझं नाव मी स्वतः काढून घेईन.

अजून तरी तुझीच,
बारकी