तुझ्या नावाने सांगितलेलं स्वप्न

आई, परवा मी तुझं नाव घेऊन तुझ्या नातवाशी खोटं बोलले. हे घरात कुणाला सांगता येत नाही, म्हणून तुला लिहिते आहे.

माझी नात, म्हणजे तुझी पणती, बारावी झाली. तिला कॉम्प्युटरवरचे गेम तयार करायला शिकायचं आहे आणि ते कॉलेज बंगळुरूला आहे. "खेळायला कॉलेज लागतं व्हय?" तिचा बाप, तुझा नातू, म्हणाला. एरवी तो पुस्तकी बोलतो, चिडला की त्याच्या तोंडी आपली पारनेरची बोली येते. निवड झालेली, प्रवेशाची मुदत संपत आलेली, तरी तिथे स्वतः नेऊन द्यायच्या अर्जावर तो पालक म्हणून सही करेना. मी जन्मभर शाळा चालवली, मुद्दे मांडून माणसाला निरुत्तर करणं मला जमतं. तो निरुत्तर झाला. सही मात्र केली नाही.

अशात एका दुपारी नात खेळत बसली होती. मी खुर्ची ओढून म्हटलं, "दाखव, आहे तरी काय एवढं." गाव वसवायचं, शेती वाढवायची, शेजारच्या राजांना तोंड द्यायचं, असा तो खेळ. तिने राजधानीचं नाव 'नगर' ठेवलं होतं आणि तिथे ग्रीकांचं डेल्फीचं देवस्थान बांधायला घेतलं होतं. चित्रात एक बाई तिवईवर बसलेली, केस मोकळे, खालून धूर. "राजे लढाईआधी हिला विचारायचे, आजी. हिच्या तोंडून देव बोलायचा. हे बांधलं की आपल्याला एक विद्या फुकट मिळते. पण दुसऱ्या राजाने आधी बांधलं तर आपली मेहनत पाण्यात." मी चित्राकडे बघत राहिले आणि म्हणून गेले, "माझी आई हेच करायची." तिने खेळ थांबवला. तिला मी हे कधी सांगितलं नव्हतं, मला त्याची लाज वाटे. त्या दिवशी सांगितलं: मंगळवार, तुझं हिरवं लुगडं, उदाचा धूर, तुझं घुमणं, हरवलेल्या म्हशीपासून न नांदणाऱ्या सुनेपर्यंत सगळं विचारायला येणाऱ्या बायका. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण पणजीला स्वतःला काही विचारायचं असलं तर?"

आणि एक जुना मंगळवार माझ्यासमोर उभा राहिला. माझी मॅट्रिक झालेली. तुझी सासू, माझी आजी, आपल्या लेकाला, दादांना, ऐकवते आहे, "शिकून काय कलेक्टर होनार हाय का ती? उजवून टाक." तू चुलीपुढे खाली मान घालून भाकरी थापते आहेस. दादांसमोर तुझा आवाज मी कधी ऐकलेला नाही. संध्याकाळी तुझ्या अंगात येतं. बायकांचे प्रश्न संपतात आणि दादा पुढे होतात. आपल्या बायकोपुढे हात जोडून म्हणतात, "आई, पोरीला नगरला कालिजात धाडू का नको, येवढं सांग." तू डोळे न उघडता म्हणतेस, "धाड. आडवा आलास तर माझ्या दारात येऊ नको." आजीसुद्धा तुझ्या पायावर डोकं ठेवते. मग तू पाणी पितेस, पदर सारखा करतेस आणि आजीला विचारतेस, "काय म्हनली वं देवी?"

दुसऱ्या दिवशी मी तुला गाठलं होतं. "बोललं कोण, तू का देवी?" तू वर न बघता म्हणालीस, "लई शानी झालीस का? तव्यावरची भाकर बघ." त्यानंतर मी विचारलं नाही.

परवा संध्याकाळी चहाच्या वेळी मी मुलाला म्हटलं, "पहाटे तुझी आजी स्वप्नात आली होती." त्याने कप खाली ठेवला. एमआयडीसीत मशिनं दुरुस्त करणारा माणूस, पण लहानपणी त्याने तुला घुमताना पाहिलं आहे. "काय म्हणाली?" "म्हणाली, पोरीला धाड, आडवा येऊ नको." मग त्याने हळूच विचारलं, "लुगडं कुठलं होतं?" मी अडखळले नाही. "हिरवं," म्हटलं. त्याने हात धुतले, अर्ज मागितला आणि उभ्यानेच सही केली.

अंधश्रद्धेवर मी शाळेत किती भाषणं दिली ते तुला ठाऊक नाही, बरंच आहे. मला पश्चात्ताप होत नाही. हा कागद कुठे जायचा नाही, तेव्हा आणखी एक लिहून टाकते. तू गेल्यापासून माझ्या स्वप्नात एकदाही आलेली नाहीस आणि मी वाट बघते.

आज सकाळी नात निघाली. स्टँडवर तिच्या हाती दिलं ते असं: एक जाड चादर, शेंगदाण्याची चटणी, माझं मनगटी घड्याळ आणि बापाच्या सहीचा अर्ज. सगळं तिने नीट पिशवीत भरलं. गाडी वेळेवर सुटली.