मावशीच्या संगणकाची फायरवॉल

४ मार्च

चि. भिंगरीस, अ. उ. आ.

संगणकाची इंटरनेटची वायर उपटून ठेवली आहे, म्हणून कागद हाती घेतला. काल बाही बेतत होते, तर पडद्यावरचा बाण आपोआप फिरून एकेक फाइल उघडू लागला. माझे हात कात्रीवर. प्रिंटर चालेना म्हणून शेजारच्या भावजींनी फायरवॉल बंद केली होती, शिवाय घरबसल्या मदत करता यावी म्हणून बाहेरून संगणक चालवायची सोय उघडली होती. ज्या नाटकाचे पोशाख शिवतेय, त्यातल्या बावीस नटांची मापं नि कापडाचे बेत, नमुने त्यातच आहेत, आणि प्रयोग तीन आठवड्यांवर. संगणक राखणं हे तुझं रोजचं काम. मला हसून झालं की उपाय कळव.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून,
मावशी

७ मार्च

ती. मावशीस, शि. सा. न. वि. वि.

वायर उपटलीस हे शहाणपण आमच्या ऑफिसातल्या भल्याभल्यांना सुचत नाही. आधी दुरुस्तीवाल्याकडून संगणक साफ करून घे, पासवर्ड बदल, भावजींनी उघडलेली सोय बंद कर. मग फायरवॉल चालू कर आणि त्यानंतरच वायर जोड. तू मागवलेलं फायरवॉल आत घेते, न बोलावता आलेल्याला परतवते. प्रिंटरपायी अख्खी भिंत पाडायची नसते. त्याला एकट्याला परवानगी देता येते. एखादा प्रोग्रॅम बाहेरच्यांना आत घ्यायची परवानगी मागेल. ओळख पटली नाही तर नाही म्हण. मात्र अनोळखी मेलमधली फाइल तूच उघडलीस, तर फायरवॉल बिचारी काय करणार?

रागावलीस तरी चालेल, पण कळवत राहा.
तुझी भिंगरी

२९ मार्च

चि. भिंगरीस, अ. उ. आ.

फाइली शाबूत निघाल्या. फायरवॉल मी स्वतः चालू केली आणि प्रिंटरही निमूट नमुने छापू लागला. प्रयोगाला तीन दिवस असताना पडद्यावर परवानगीचा प्रश्न आला. नाटकाचे व्यवस्थापक डोक्यावर उभे. म्हणाले, हो म्हणा, वेळ नाही. मी म्हटलं, ओळख नाही तर प्रवेश नाही. दुरुस्तीवाल्याने पाहिलं, तर नेटवरून फुकट उतरवलेल्या फाँटबरोबर, म्हणजे अक्षरांच्या वळणांबरोबर, एक आगंतुक प्रोग्रॅम आत शिरला होता. त्याने तो काढला. व्यवस्थापकांनी लगेच आपला संगणक तपासायला मला बोलावलंय.

बावीसही पोशाख वेळेत झाले. पडदा पडल्यावर नटांनी मला ओढतच रंगमंचावर नेलं. चष्मा शिवणयंत्रापाशीच राहिला होता, त्यामुळे माणसं दिसली नाहीत. टाळ्या मात्र चांगल्या ऐकू आल्या.

लोभ आहेच, तो असाच पत्रांतून कळू दे.
मावशी