राखेतून काय निघेल

४ मार्च
ते घर जळालं. माझ्या दोन्ही मुलांनी वायरिंग केलेलं. घरातला म्हातारा दवाखान्यात आहे, फार भाजलाय. दोघं भरल्या ताटावरून उठले.

५ मार्च
आग वरच्या खोलीच्या छतात लागली म्हणे. तारांच्या जोडाच्या एका डब्यात. जोड! ज्यावरून आमच्याकडे रोज खडाजंगी. थोरला टोपीवाला — तारा एकत्र धरायच्या, वरून टोपी पिळायची, मग एकेक तार ओढून बघायची. धाकटा कनेक्टरवाला — तार सोलली, भोकात खुपसली, चला पुढे! "दादा, तू पिळत बस, तोवर माझी खोली होते." "होऊ दे. अर्धवट खुपसलेली तार एक दिवस दगा देते." मी म्हणायची, एकाच माळेचे मणी तुम्ही, जेवा गुमान.

त्या खोलीत शेवटच्या दिवशी दोघंही होते. घाईत, हाताला येईल ते करत. तो डबा कोणी केला, दोघांनाही आठवत नाही. खरंच नाही — पोटच्या पोरांची तोंडं मला वाचता येतात.

७ मार्च
तपासणारे साहेब येऊन गेले. प्लास्टिक सगळं वितळलंय. पण टोपीच्या आत पोलादी स्प्रिंग असते, ती राहते. कनेक्टरमधली चपटी पट्टी राहते. "राख चाळली की कळेल कोणाचा जोड ते." गव्हातले खडे काढायचे असावेत तसं बोलला मेला!

८ मार्च
धाकट्याच्या घशाखाली घास उतरत नाही. थोरला त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "अरे, माझीच टोपी सैल राहिली असेल." थोरली सून ऐकत होती. सातवा महिना आहे तिला. भांडी जोरात ठेवली.

९ मार्च
म्हातारा गेला. आता नुसती चौकशी नाही. ज्याचा जोड, तो तुरुंगात.

मला कोणी निवड करायला सांगितलेलं नाही. तरी दिवसभर डोक्यात तेच. थोरला तार ओढून बघितल्याशिवाय पुढे सरकत नाही. मग उरलं कोण? धाकटा तुरुंगात एक दिवस टिकायचा नाही. नको, पुढचं लिहीत नाही.

१० मार्च
राखेचं अजून काही कळलं नाही. भात करपला. तसाच खाल्ला सगळ्यांनी.

११ मार्च
फोन थोरल्याने घेतला. ऐकलं, ठेवला. "स्प्रिंग निघाली."

"माझं पोर वाचलं गं बाई!" — माझ्या तोंडून. चांगलं मोठ्याने.

थोरल्याने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "हो आई. वाचलं तुझं पोर."