डोंगर सोडताना

छावणी, ता. १८ जानेवारी १९६६

ती. गोदूवहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या नावाआधी ‘सौ.’ लिहिता येत नाही आणि दुसरं लिहायला हात धजत नाही. जागा मोकळी सोडलीय, रागवू नका.

नारळाच्या वड्या पोचल्या. सातारच्या पोरांनी डबा चाटून ठेवला.

आता जिवाला लागलेली गोष्ट. ताश्कंदचा करार तुम्ही ऐकलाच असेल. पंचवीस फेब्रुवारीच्या आत सगळ्यांनी लढाईआधीच्या जागी परतायचं. म्हणजे कान्हादादा ज्या डोंगरावर पडला, जिथे मी त्याला अग्नी दिला, तो डोंगर परत द्यायचा. अठरा वर्षं चाललेलं हे काश्मीरचं भांडण, आणि पुन्हा होतो तिथेच! सुभेदारसाहेबांना तोंडावर सांगितलं, मी उतरणार नाही. बाबांना मात्र हे कळवू नका.

बाबांना दंडवत. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमचा धाकटा दीर,
तुळशीराम


नागाव, ता. २९ जानेवारी

चि. तुळशीरामभावोजींस,
गोदूचे अनेक आशीर्वाद.

माझ्या हातून चूक झाली. पत्र नेहमीसारखं मामंजींना मोठ्यानं वाचून दाखवत होते. ‘कळवू नका’ अगदी शेवटी आलं, तोवर ते उठून उभे राहिले होते. मग गावभर सांगत सुटले.

परवा विरोधी पक्षाची माणसं जीप घेऊन आली. अलिबागच्या सभेत मामंजींना पुढच्या खुर्चीवर बसवलं. दिल्लीवाल्यांनी डोंगर विकला, असं पुढारी ओरडले. मग मामंजी बोलले, की एक पोरगा डोंगराला दिलाय, दुसरा उतरायचा न्हाय. केवढ्या टाळ्या पडल्या! पेपरात नाव छापलं.

काल सत्तेतले पुढारी दारात. सही करणारे पंतप्रधान तिकडेच वारले, आता त्यांच्या नावानं शिमगा कशाला, असं त्यांचं म्हणणं. जाता जाता म्हणाले, हुकूम मोडला तर पोराचं कोर्टमार्शल होईल. ते ऐकून मामंजी ओटीवर बसले ते उठेनात. पेज पुढे केली की बाजूला सारतात. पाच गावांसमोर दिलेला शब्द मागं कसा घेऊ, एवढंच म्हणतात.

भावोजी, उतरा. हात जोडते. या घराची आठवण असू द्या.

गोदू


नागाव, ता. १४ फेब्रुवारी

चि. भावोजींस आशीर्वाद.

उत्तर नाही. पोस्टमन लांबूनच मान हलवतो. जीव थाऱ्यावर नाही.

काल त्याच विरोधी पक्षवाल्यांनी मला नि मामंजींना रेवदंड्याच्या सभेत नेलं. मी काय बोलायचं ते कागदावर लिहून दिलं होतं. मी तो वाचलाच नाही. सांगितलं, की तो डोंगर मी पाहिलेला नाही. ज्यांनी दिला आणि जे दिला म्हणून बोंबलतात, त्यांचं कुणीच वर नाही. माझा दीर आहे, त्याला खाली येऊ द्या. तेवढ्यात लाउडस्पीकर बंद केला. लोक ओरडायला लागले.

मग मामंजी स्वतःहून उभे राहिले. लाउडस्पीकर नव्हता, तरी शेवटच्या रांगेत ऐकू गेलं. म्हणाले, माझा शब्द मी मागं घेतला, तुळशा, खाली ये. कुणीतरी त्यांचं पागोटं उडवलं. आम्ही दोघं चालत घरी आलो. आता गावात कुणी आमच्याशी बोलत नाही, पण काल रात्री ते पोटभर जेवले.

पत्र मिळताच उतरा.

गोदू


छावणी, ता. २८ फेब्रुवारी

ती. गोदूवहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

तुमची दोन्ही पत्रं आज एकदम हाती आली. मी त्याआधीच, बावीस तारखेला, उतरलो.

बाबांचं भाषण छापलेला पेपर वर पोचला होता. बाबांची मान खाली जाईल म्हणून मी अडून बसलो. बाकीचे बर्फातून उतरून गेले. सुभेदारसाहेब तेवढे थांबले. त्यांनी दरडावलं नाही. म्हणाले, तू नाही उतरलास तर मलाही उतरता येणार नाही, आणि मला चार मुली आहेत. मी बंदूक उचलली. नाइकाची फीत गेली, पगार कापला. कोर्टमार्शल टळलं.

वहिनी, एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही. दादाला वर ठेवून येताना रडू येईल असं वाटलं होतं. पण पहिल्या वळणाखाली पाय हलके झाले. मी जिवंत घरी जाणार, एवढंच मनात येत होतं. डोंगर कुणी दिला, कुणी घेतला, काही आठवलं नाही. त्याची लाज वाटते.

तुमच्या घासातला घास ठेवा. होळीला येतो.

तुळशीराम